गुरुमूर्ती रावांचा क्रोएशियन मसुदा

गुरुमूर्ती राव मसुद्याशिवाय बोलत नाहीत. सरकारी कचेरीत मसुदे लिहिण्याच्या टेबलावर चौतीस वर्षं काढलेला माणूस. आधी कच्चा मसुदा, मग त्यावर साहेबांच्या लाल खुणा, मग दुरुस्त मसुदा, मग स्वच्छ प्रत, आणि मग ते पत्र कुठेही न जाता फाइलीत. निवृत्तीबरोबर कचेरी सुटली, मसुदा सुटला नाही. चेन्नईतल्या मैलापूरच्या आमच्या इमारतीत ते पहिल्या मजल्यावर राहतात, मी दुसऱ्या. असोसिएशनच्या मीटिंगमध्ये 'पाण्याची मोटर बिघडली आहे' एवढंच सांगायचं असलं तरी ते खिशातून चतकोर कागद काढतात, चष्मा पुसतात आणि उभं राहून वाचून दाखवतात. तोवर मोटर दुरुस्त झालेली असते.

राव तंजावरचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून दक्षिणेत आले, तंजावरला उतरले आणि मग परत चढायचं कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. घरात अजून मराठी बोलतात. तिला तमिळ हेल आहे, मधूनमधून तमिळ शब्द आहेत, आणि काही शब्द असे की ते आमच्याकडे फक्त जुन्या दप्तरांत सापडतात. मी इथे राहायला आलो तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी माझी मराठी दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेतली आणि आजाऱ्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"बरंच बिघडलं की तुमच्यांत," ते म्हणाले. "आम्ही तीनशें वर्षं डब्यांत घालून ठेवलं. तुम्ही उघडं ठेवलांत."

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीनं क्रोएशियन नवरा करावा, ही देवाचीच काहीतरी चेष्टा. वाणी पेरुंगुडीतल्या एका आयटी कंपनीत होती. कंपनीनं सहा महिन्यांसाठी झाग्रेबला पाठवलं. सहा महिन्यांची सहा वर्षं झाली आणि तिहोमीर नावाचा एक उंच, शांत, दाढीवाला मुलगा तिथल्या नोंदणी कचेरीत तिच्याशी लग्न करून तिचा नवरा झाला. रावांनी ते लग्न व्हिडिओवर पाहिलं. रेशमी उपरणं वगैरे घेऊन ते संगणकासमोर दीड तास ताठ बसले होते, पण एक शब्दही बोलले नाहीत. पलीकडून तिहोमीरची आई, नेवेंकाबाई, हात हलवून काहीबाही म्हणत होत्या. रावांनी नुसते हात जोडले. रागावले होते म्हणून नव्हे. मसुदा तयार नव्हता म्हणून.

नेवेंकाबाईंनी नंतर सुनेला विचारलं, "तुझ्या वडिलांची दाढ दुखते का?"

वाणीनं हसून "हो" म्हटलं. खरं काय ते सांगायला जास्त वेळ लागला असता.

तर, या वर्षी जुलैच्या सुरुवातीला वाणीचा फोन आला की तिला तिसरा महिना आहे. रावांच्या पत्नी विजयलक्ष्मीबाईंनी देवापुढे दिवा लावला. रावांनी कपाटातून नवी फाइल काढली. फाइलीवर इंग्रजीत विषय लिहिला. तो मराठीत असा होईल: 'सौ. वाणी हिचे पहिले बाळंतपण माहेरी करण्यासाठी सासरची संमती मिळवणेबाबत.'

त्याच संध्याकाळी ते फाइल घेऊन माझ्याकडे वर आले.

"सार, पहिलं बाळंतपण माहेरीं. बरोबर की नाहीं?"

"बरोबर."

"पण संबंदींना विचारल्याशिवाय न्यायचं नाहीं. बरोबर की नाहीं?"

'संबंदी' म्हणजे व्याही आणि विहीण, हे इतक्या वर्षांत मलाही कळलं होतं. मी म्हटलं, "विचारा की. वाणीला फोन करा, ती सासूला सांगेल."

राव खुर्चीतून अर्धे उठले. "अय्यो! मुलगी आपल्याच बाळंतपणाची दुभाषी? आणि जांवई? ज्याची बायको मागायची, त्यालाच भाषांतर करायला बसवायचं? आमचे मामनार, म्हणजे विजयाचे वडील, तंजावरहून कुंभकोणमला आले होते आमच्या अम्माला विचारायला. अम्मा चिंच निवडीत होती. मामनार तासभर उभे राहिले. अस्की, म्हणजे सगळी, चिंच निवडून झाल्यावर अम्मानं मान वर केली आणि म्हणाली, 'सरी, घेऊन जा.'"

"तासभर उभं ठेवलं?"

"तोच तर मान!"

"कुणाचा?"

"दोघांचाही," राव म्हणाले, आणि माझ्या समाजशास्त्राच्या अज्ञानाची त्यांना खरोखर कीव आली.

अडचण अशी की नेवेंकाबाईंना इंग्रजी येत नाही. त्या विधवा. झाग्रेबमध्ये तीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेल्या, आणि मुलगा-सून ज्या इमारतीत राहतात त्याच इमारतीत एक मजला खाली राहणाऱ्या. मी सुचवलं, फोनमध्ये भाषांतर करणारी सोय असते, आपण मराठीत बोलायचं, फोन त्यांच्या भाषेत बोलतो.

"फोन विचारणार आणि मी शेजारीं उभा राहणार," राव म्हणाले. "मग संमती फोनला मिळेल, सार."

ऑक्टोबरच्या अखेरीस वाणी, तिहोमीर आणि नेवेंकाबाई तिघंही तीन आठवड्यांसाठी चेन्नईला यायचं ठरत होतं. वाणीला सातवा लागला की इथे वळैकाप्पू करायचा, म्हणजे आपल्या डोहाळजेवणाचा मद्रासी अवतार: गर्भारशीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत काचेच्या बांगड्या भरतात, आणि तो झाला की मुलगी माहेरीच राहते. म्हणजे बाकीच्यांनी परत जायचं, वाणीनं नाही. हा पुढचा भाग झाग्रेबला कुणालाच ठाऊक नव्हता. तो रावांच्या फाइलीत होता. त्यांच्या हातात चार महिने होते.

लझ कॉर्नरच्या फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्यांनी त्या भाषेचं एक इंग्रजी व्याकरण मिळवलं. पुस्तक साठ-एक वर्षांपूर्वीचं, वाळवीनं दोन्ही बाजूंनी वाचलेलं. त्यातली माणसं दुसरं काही बोलतच नाहीत. कारखाना मोठा आहे. ट्रॅक्टर चांगला आहे. आमच्या गावी गहू चांगला पिकला आहे, तुमच्या गावी कसा पिकला आहे? 'बाळंतपण' हा शब्द चाळीस धड्यांत कुठेही नव्हता. त्या देशात फक्त ट्रॅक्टर जन्माला येत असावेत.

पण पान बारावर रावांना घबाड मिळालं. ते धावत वर आले. जिना चढताना त्यांचा गुडघा वाजतो, म्हणून मला आधीच कळलं.

"सात विभक्त्या, सार! सात! संबोधनासकट! हें तर घरचंच काम!"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला पहिल्या मजल्यावरून गंभीर आवाज आला: "झेना, झेने, झेनी, झेनु, झेनो, झेनी, झेनोम." लहानपणी पाठशाळेत शब्दरूपं म्हणायचे तशा ठेक्यात, मान उजवीकडे-डावीकडे हलवत. 'झेना' म्हणजे स्त्री. स्त्री, स्त्रीची, स्त्रीला, हे स्त्री! असं अर्धा तास चाले. मग गाव. मग समुद्र. मग अनेकवचनं. खालच्या मजल्यावर श्रीलक्ष्मी नावाच्या बाई वीणा शिकवतात. त्या आठवडाभरानं वर आल्या.

"राव सार, म्हणता काय ते विचारत नाही," त्या अत्यंत अदबीनं म्हणाल्या, "पण तुमचा षड्ज हलतो. माझ्या मुली त्याच्याबरोबर हलतात."

रावांनी तंबोऱ्याचं यंत्र विकत आणलं. त्यानंतर आमच्या इमारतीत क्रोएशियन भाषेच्या सातही विभक्त्या काळी एकच्या सुरात ऐकू येऊ लागल्या. ही सोय खुद्द क्रोएशियातही नसावी.

मी एकदा म्हटलं, थोडं ऐकायचीही सवय करा. तिथला रेडिओ इंटरनेटवर ऐकता येतो. त्यांनी दोन मिनिटं बातम्या ऐकल्या आणि कपाळाला आठ्या घालून बंद केल्या.

"फार घाईनं वाचतात," ते म्हणाले. "मसुदा नीट केलेला दिसत नाहीं."

वाणीशी फोनवर चार वाक्यं बोलून पाहा, असंही मी सुचवलं. तेही नाही. मसुदा मंजूर होण्याआधी फुटता कामा नये. कचेरीत एकदा असा एक मसुदा फुटला होता आणि तीन बदल्या झाल्या होत्या.

सप्टेंबरात खरा मसुदा सुरू झाला. शब्दकोश विजयलक्ष्मीबाईंच्या नातेवाईक पोरीनं संगणकावर शोधून दिला. राव आपल्या टपोऱ्या अक्षरात एकेक वाक्य रचायचे, कापायचे, पुन्हा रचायचे. सातवा मसुदा कायम झाला. पण राव इतक्यावर थांबते तर ते राव कसले? पत्राबरोबर उत्तराचा नमुना जोडायची त्यांच्या कचेरीत पद्धत होती. त्यांनी नेवेंकाबाईंचं उत्तरही लिहिलं. एक नाही, तीन.

'अ' उत्तर: विहीणबाई ताबडतोब संमती देतात. "रादो. नेका ओस्ताने." म्हणजे, आनंदानं, राहू दे तिला.

'ब' उत्तर: विहीणबाई थोडा विचार करून संमती देतात.

'क' उत्तर: विहीणबाई डोळ्यांना पदर लावून संमती देतात. पदर नसल्यास रुमाल.

"आणि नाही म्हणाल्या तर?" मी विचारलं.

"संबंदी नाहीं म्हणत नाहींत."

"पण समजा..."

"सार, विचारायचं असतं आणि ते हो म्हणतात. पद्धत आहे. सात पिढ्यांत कुणी नाहीं म्हटलेलं नाहीं. नाहीं म्हणायचं असतं तर लोकांनी विचारलं असतं कशाला?"

तालमी सुरू झाल्या. नेवेंकाबाईंची भूमिका विजयलक्ष्मीबाई करीत. स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता, पाठ फिरवून, त्या म्हणत, "रादो. नेका ओस्ताने. आणि तेल संपलं आहे." त्या मंदिरात गेल्या असल्या की भूमिका माझ्याकडे यायची. मी दोनदा नेवेंकाबाई झालो. 'क' उत्तरात मी डोळ्यांना रुमाल लावला तेव्हा रावांचेही डोळे भरून आले आणि ते पुढची ओळ विसरले. ही त्यांची खरी अवस्था होती. वाणी सहा वर्षांत दोनदाच घरी आली होती, तीही पंधरा-पंधरा दिवस. तिच्या खोलीला त्यांनी सप्टेंबरातच नवा रंग दिला. बाळाला न्हाऊ-माखू घालायला एक म्हातारी बाई शोधून ठेवली. बाळंतिणीच्या औषधाची यादी केली, अर्थात मसुदा करून. हे सगळं एका बाईच्या 'रादो'वर टांगलेलं होतं.

ऑक्टोबरच्या शेवटी मंडळी आली. नेवेंकाबाई रावांपेक्षा टीचभर उंच निघाल्या. आखूड पांढरे केस, रुंद हात, आणि पाऊल असं टाकायच्या की वाटावं, आता पायानं घंटा वाजवून रस्ता मोकळा करतील. त्यांनी भेट म्हणून अक्रोडाचा केक आणला होता आणि साध्या पाण्याच्या बाटलीत घरी गाळलेली आलुबुखाराची दारू. विजयलक्ष्मीबाईंनी बाटली उघडून वास घेतला, खूश झाल्या आणि त्या रात्रीपासून गुडघ्यांना चोळायला लागल्या. दोन दिवस नेवेंकाबाई हे थक्क होऊन बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनीही स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहिली.

आणि राव? चार महिने पहाटे उठून ज्या बाईशी बोलायला शिकले, ती बाई घरात वावरत असताना राव दहा दिवस तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. समोर आल्या की हात जोडायचे आणि बाजूच्या खोलीत जायचे. तिथून पुटपुटणं ऐकू येई. मसुदा वळैकाप्पूच्या दिवशीच सादर व्हायचा होता, त्याआधी 'सुप्रभात'सुद्धा फोडायचं नव्हतं. नेवेंकाबाई एकदा वाणीला म्हणाल्या, "दाढेचं काही नाही. तुझ्या वडिलांना मी आवडत नाही." हे मला तिहोमीरनं मागाहून इंग्रजीत सांगितलं. वळैकाप्पूच्या दिवशीची बोलणीही मला त्याच्याकडूनच पुरती कळली, कारण माझं क्रोएशियन तीन उत्तरांपुरतंच होतं.

वळैकाप्पू इमारतीच्या हॉलमध्ये झाला. चाळीस बायका, आठ-दहा पुरुष, नादस्वराची ध्वनिमुद्रिका, पाच तऱ्हांचे भात. वाणी हिरव्या रेशमी साडीत बसली होती, हात कोपरापर्यंत लाल-हिरव्या काचेनं भरलेले, आणि एका हातानं मेदुवडा खात होती. नेवेंकाबाईंनी स्वतःही डझनभर बांगड्या भरून घेतल्या होत्या आणि हात हलवून आवाज करून पाहत होत्या. फार आनंदात होत्या.

तेवढ्यात राव उभे राहिले. चांदीच्या तबकात विड्याची पानं, हळद, नारळ, वर मरून रंगाची साडी. तबक दोन्ही हातांत. फाइल माझ्या हातात. ते नेवेंकाबाईंसमोर जाऊन थांबले, घसा साफ केला, आणि काळी एकच्या सुरात सुरुवात केली:

"पोश्तोवाना गोस्पोज्यो नेवेंका..."

वाणीचा वडा तोंडाशी थांबला. तिहोमीर खुर्चीवरून उठला आणि पुन्हा बसला. मागे कुणीतरी म्हणालं, "संस्कृत दिसतंय." श्रीलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "नाही, सकाळचंच आहे."

सन्माननीय नेवेंकाबाई, असं म्हटल्याबरोबर नेवेंकाबाईंचा चेहरा जो उजळला! दहा दिवस मुका असलेला माणूस आपल्या भाषेत बोलतोय! त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. राव बोलत गेले. एकही विभक्ती चुकली नाही. तिहोमीर म्हणतो, इतकं शुद्ध त्यानं त्याच्या आजोबांच्या आजोबांच्या पत्रांतच वाचलंय. पण वाक्य जसजसं पुढे गेलं तसतसा नेवेंकाबाईंचा चेहरा उतरत गेला. कारण रावांच्या सात वेळा सुधारलेल्या मसुद्याचा अर्थ असा होता: 'आपला मुलगा आपण आनंदाने घेऊन जावा. आमची मुलगी, विनंती आहे, आमच्या घरी ठेवावी. आमच्या घराण्याची तशी पद्धत आहे.'

आमच्याकडे या वाक्यात गैर काही नाही. सातव्या महिन्यात बाप असं बोलला की समोरचा म्हणतो, न्या. पण मुलगी बाळंतपणाला बापाकडे जाते आणि मग परत येते, ही गोष्टच जिनं कधी ऐकलेली नाही, तिनं काय समजावं? चाळीस बायका बोलावून, वाजंत्री लावून, चांदीच्या तबकात साडीचा मोबदला ठेवून हा माणूस तिच्या मुलाचा संसार मोडतोय, हे.

रावांचं भाषण संपलं. चेन्नईत कुणी उभं राहून दोन मिनिटं बोललं की लोक टाळ्या वाजवतातच. टाळ्या झाल्या. एक गृहस्थ शाल शोधायला गेले.

"झाश्तो?" नेवेंकाबाई म्हणाल्या.

रावांनी माझ्याकडे पाहिलं. मी फाइल उघडली. 'अ' मध्ये 'झाश्तो' नव्हतं. 'ब' मध्ये नव्हतं. 'क' मध्ये रुमाल होता, 'झाश्तो' नव्हतं.

"झाश्तो?" आता मोठ्यानं. का? आणि मग ट्राम उतारावर सुटावी तशा त्या सुटल्या. बांगड्या खणाणत होत्या. माझ्या मुलानं काय केलं? मारतो का तिला? पितो का? हे तुम्ही भाताच्या पंगतीत सांगता? रावांच्या कानात त्यातला एक शब्द शिरला. 'सिन'. मुलगा. तिहोमीर पुढे झाला, "आई, ते तसं..." पण रावांनी तबकासकट हात वर केला.

"बसा तुम्ही, मापिळ्ळै," ते जावयाला इंग्रजीत म्हणाले. "ही आमची दोघांची गोष्ट आहे."

रावांकडे सात विभक्त्या होत्या, पण त्यांना लावायला वाक्य नव्हतं. शेवटी ट्रॅक्टरच्या धड्यातून एक विशेषण मदतीला आलं.

"सिन दोबार," राव म्हणाले. मुलगा चांगला. "याको दोबार!" फार चांगला. त्यांनी तबक विजयलक्ष्मीबाईंच्या हातात दिलं आणि मोकळ्या हातांनी हवेत एक पोट काढलं. "बेबा... ओव्द्ये." बाळ इथे. मग दोन्ही हात पसरून विमान केलं, पंखांसकट. "पोस्लिये... बेबा, वाणी... झाग्रेब! झाग्रेब!" नंतर झाग्रेब. सत्तरीला टेकलेले, मसुद्याशिवाय मोटरीबद्दल न बोलणारे गुरुमूर्ती राव हॉलच्या मधोमध विमान होऊन उभे होते. एकही विभक्ती लागलेली नव्हती. नेवेंकाबाईंना सगळं समजलं.

त्या खाली बसल्या. मोठा श्वास सोडला. हसल्यासारखंही केलं. पण 'रादो' म्हणाल्या नाहीत. स्वतःच्या बांगड्यांकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "आ या?"

आणि मी?

हे दोन शब्द रावांना कळले. इतके छोटे होते की न कळायला जागाच नव्हती. एका मजल्यावर एकटी राहणारी बाई, एकच मुलगा, पहिलंच नातवंड. चार महिन्यांत त्यांनी तिची तीन उत्तरं लिहिली होती. तिचा प्रश्न लिहायचं त्यांना सुचलं नव्हतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही फाइल मिटली.

"मला कुणी विचारणार आहे का?" वाणीनं वडा खाली ठेवून विचारलं.

सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू समारंभाची पणती बोलायला लागली.

"अप्पा, मी झाग्रेबच्या हॉस्पिटलमध्ये नाव घातलंय. चौथ्या महिन्यातच. डॉक्टर तिथली, माझी सुट्टी तिथली. मला तिथेच बाळंत व्हायचंय."

राव हळूहळू बायकोकडे वळले. "विजया, हें तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"सांगितलं का नाहींस?"

"तुम्ही इतकं मन लावून शिकत होता," विजयलक्ष्मीबाई तबक सांभाळत म्हणाल्या. "चार महिने स्वयंपाकात मीठ जास्त की कमी, एकदाही बोलला नाहींत. मला वाटलं, शिकूं दे."

कुणीतरी हसलं. राव नाही हसले. ते खुर्चीवर बसले आणि हात मांडीवर ठेवून जमिनीकडे बघत राहिले. नव्या रंगाची खोली, न्हाऊ घालणारी म्हातारी, औषधांची यादी, हे सगळं एकेक करून त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसत होतं. वाणी उठली, पोट सांभाळत त्यांच्याजवळ गेली, आणि काहीतरी बोलणार होती. पण राव तिच्या पलीकडे, नेवेंकाबाईंकडे बघत होते.

ते उठले. या वेळी हातात काही नव्हतं. शब्द शोधायला ते डोक्यात कुठल्या धड्यापर्यंत गेले कोण जाणे.

"स्मियेम ली..." ते म्हणाले, आणि अडले. मग, "दोची?"

मी येऊ का? तुमच्याकडे. बाळासाठी. एवढं सगळं त्यांनी म्हटलं नव्हतं, पण विजयलक्ष्मीबाईंकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, मग नेवेंकाबाईंकडे, आणि परवानगी मागणाऱ्यानं उभं राहावं तसे उभे राहिले. आपण किती वेळ उभे राहणार आहोत, याचा त्यांना काही अंदाज दिसत नव्हता. तासभर उभं राहायचीही तयारी असावी.

नेवेंकाबाईंनी त्यांना तासभर ठेवलं नाही. त्या उठून तरातरा आल्या, रावांना खांद्यांना धरून पाठमोरं फिरवलं आणि चाळीस बायकांदेखत त्यांच्या पाठीवर वीत टाकायला सुरुवात केली. मैलापुरात विहिणीनं व्याह्याला हात लावल्याची नोंद नसावी. राव कपड्यांच्या खुंटीसारखे ताठ झाले.

"काय चाललंय हें?" त्यांनी मान न हलवता जावयाला विचारलं.

"बाळ जानेवारीत येणार म्हणतेय," तिहोमीर म्हणाला. "उणे दहा असतं. बाबांचा लोकरी कोट आहे आमच्याकडे. तो तुम्हाला ढगळ होईल. किती आत घ्यावा लागेल, ते बघतेय."

"येदान," नेवेंकाबाई मागून मोजत होत्या. "द्वा..."

"त्री," राव मोठ्यानं म्हणाले.

"हलू नका," विजयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "माप चुकेल."